स्क्रीनर पुरेसं आहे की ट्रेंडलाइनला पैसे मोजावेत?

मंडळी, मदत हवी आहे. ट्रेडिंग करत नाही. मोजक्या कंपन्यांचे शेअर घ्यायचे आणि वर्षानुवर्षं ठेवायचे, इतकंच. सध्या स्क्रीनर ही कंपन्यांचे आकडे दाखवणारी वेबसाइट फुकटात वापरतोय. दहा वर्षांचा नफा-तोटा, ताळेबंद, कॅश फ्लो एकाच पानावर, खाली वार्षिक अहवाल आणि कॉनकॉलच्या (निकालांवर कंपनीची गुंतवणूकदारांशी फोनवरची चर्चा) लिंक. शिवाय ‘आरओसीई (वापरलेल्या भांडवलावरचा परतावा) २० टक्क्यांच्या वर, कर्ज नगण्य’ अशी चाळणी स्वतः लिहिता येते. माझं बरंचसं काम इथेच भागतं.

भाऊ मात्र ट्रेंडलाइन या तशाच वेबसाइटचं सबस्क्रिप्शन घे म्हणून मागे लागलाय. त्यांचा टिकाऊपणा, मूल्यांकन आणि मोमेंटम (भावाची चाल) असा तिहेरी स्कोअर दिसतो छान, पण तयार गुणांवर माझा फारसा भरवसा नाही. जमीन विकून एखाद्या तिमाहीत नफा फुगला की पीई (शेअरचा भाव भागिले प्रति शेअर नफा) घटून शेअर आपोआप स्वस्त दिसतो. ‘इतर उत्पन्न’ची ओळ उघडून पाहिल्याशिवाय ते कळत नाही. स्कोअर हे पकडतो का? पैसे भरून वापरणाऱ्यांनी सांगा. (टिकरटेप ही तिसरी तशीच साइट दिसायला सर्वांत सुटसुटीत, बायकोला तेच आवडतं.)

खरी अडचण बँकांची आहे. तिथे आरओसीई कामाचा नाही. ग्रॉस एनपीए (थकलेली कर्जं), कासा (चालू आणि बचत खात्यांतल्या ठेवी), निव्वळ व्याज मार्जिन (मिळालेल्या आणि दिलेल्या व्याजातला फरक) हे आकडे मी बीएसईच्या (मुंबई शेअर बाजार) साइटवरच्या बँकांच्या प्रेझेंटेशनमधून एक्सेलमध्ये हाताने उतरवतो. चार-पाच बँकांचे हे आकडे तिमाहीवार शेजारी-शेजारी कुठे मिळतात? त्यासाठी पैसे द्यायची तयारी आहे.

शेअरच्या टिप्स कृपया नकोत, इनबॉक्समध्येही नकोत.