अनुभव धागा : पेपर, रेडिओ, टीव्ही आणि आपलं सोलापूर

सोलापुरातल्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून आपली रोजची ये-जा. १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फाशी गेलेल्या त्या चौघांपैकी अब्दुल रसूल कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं वृत्तपत्र चालवायचे. शाळेत १९३०च्या सोलापूरच्या मार्शल लॉचा (लष्करी अमलाचा) धडा शिकवताना मी हे आवर्जून सांगायचे, आणि दर वर्षी वर्गाला ते नवीनच असायचं. माध्यमांनी समाज घडवला किंवा बिघडवला, असं एकाच बाजूनं बोललं जातं. मला ते पटत नाही. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू एका पेठेत नांदवणाऱ्या या गावानं पेपर-रेडिओलाही आपलं वळण लावलंय. तुमच्या घरी काय घडलं ते लिहा. चार ओळी चालतील, पण स्वतःच्या हव्यात.

छापखान्यातला जुना माणूस
मी २२ वर्षं खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवले. केसमधलं, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीतलं, कुठलं अक्षर कुठं, ते बोटांना पाठ. सुरुवातीला निधनवार्तेत ठरावीक पेठांतलीच नावं असायची. तेलुगू वस्तीच्या पूर्व भागात पेपर जायला लागला, तसे तिकडचे लोकही चिठ्ठीवर नाव लिहून आणायला लागले, आणि आमच्याकडे अर्ध्या 'ल'चे खिळे कमी पडायला लागले. तेलुगू आडनावांत 'ल्ल' फार. एका रात्री खिळा सापडेना, मी साधा 'ल' लावून फर्मा (छपाईसाठी पानाची जुळणी) बांधला. सकाळी त्या घरचा मुलगा अंक घेऊन दारात उभा. ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "अण्णा, वडलांचं नाव जन्मात एकदा पेपरात आलं, तेही चुकलेलं." त्याच आठवड्यात मालकांच्या मागं लागून जादा खिळे मागवले. पुढं खिळ्यांशिवाय छापणारं ऑफसेट आलं, केस भंगारात गेल्या. तो अर्धा 'ल' मी घरी ठेवलाय.

विडी कामगाराची मुलगी
आमच्या घरात तेलुगू. आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची आणि समोर कोनाड्यात रेडिओ. सकाळी सात-पाचला पुण्याच्या प्रादेशिक बातम्या लागल्या की आम्ही बोलायचं नाही. मराठी ती तिथंच शिकली. त्यामुळं भाजीवालीशी बोलतानाही "आज आवक कमी आहे का?" असं अगदी शुद्ध विचारायची. एकदा तिनं माझ्याकडून रेडिओ केंद्राला कार्ड लिहून घेतलं: शेतकऱ्यांना सल्ला देता, तंबाखूच्या धुळीत बसणाऱ्या बायकांसाठी पण डॉक्टर बोलवा. काही आठवड्यांनी पत्रोत्तरात ते कार्ड वाचलं गेलं. हजार विड्यांचा हिशेब अर्धवट टाकून ती उठून उभी राहिली होती, ते मी कधी विसरणार नाही.

आजोळ विजापूर जिल्ह्यातलं
टीव्ही मी पहिल्यांदा पाहिला तो सोलापुरात नाही, मामाच्या खेड्यात, १९७५च्या दिवाळीत. उपग्रहावरून खेड्यांत कार्यक्रम दाखवण्याचा 'साइट' प्रयोग त्या १ ऑगस्टला सुरू झाला होता. सहा राज्यांतली सुमारे २४०० गावं, आणि कर्नाटकातल्या जिल्ह्यांत विजापूर होतं. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची मोठी छत्री, आणि संध्याकाळी सगळं गाव मातीत बसलेलं. बायका पहिल्यांदाच पुरुषांच्या बरोबरीनं चौकात बसल्या, याचं मामीला टीव्हीपेक्षा जास्त अप्रूप होतं. वर्षभरानं, ३१ जुलै १९७६ला, प्रयोग संपला. उपग्रह अमेरिकेचा, वर्षासाठीच दिलेला. मामी म्हणायची, डबा गेला, पण आम्ही संध्याकाळी बसायचं काही सोडलं नाही.

नवी पेठ
३० सप्टेंबर १९९३. विसर्जनाची दमणूक, पहाटे चारच्या आधी खाट हलली. सगळी गल्ली रस्त्यावर. कुणी म्हणे धरण फुटलं, कुणी म्हणे परत येणार. ट्रान्झिस्टरवर भूकंपाच्या बातमीत किल्लारीचं नाव ऐकलं तेव्हा कुठं अफवा थांबल्या. त्या दुपारीच आमच्या गल्लीनं भाकरी आणि चादरी गोळा केल्या.

पेपर टाकणारा
करोनामुळं २०२०च्या एप्रिलमध्ये घरोघरी पेपर टाकायला बंदी आली. अंकाची पीडीएफ मोबाईलवर फिरायला लागली, फुकट. बंदी उठल्यावर माझी निम्मी घरं परतली नाहीत. राग नाही, त्यांचीही कामं गेली होती. पण दाजी पेठेतल्या एका आजींनी पहिल्याच दिवशी निरोप धाडला, "उद्यापासून टाक." त्यांना वाचता येत नाही. नातू निधनवार्ता वाचून दाखवतो, मग त्या चप्पल घालून भेटायला निघतात. त्या वर्षी कितीजणांना शेवटचं भेटता आलं नाही, म्हणून आता एकही नाव चुकवत नाहीत. पावसात त्यांचा अंक मी प्लॅस्टिकमध्ये घालून टाकतो.