बी-२७ पॉझिटिव्ह म्हणजे 'खानदानी दोष'? मला हे अजिबात मान्य नाही

सिंहगडरोडची_अनु

नवरा चार वर्षं कंबर धरून होता. सकाळी उठला की पाऊण तास वाकता यायचं नाही, मोजे मी घालून द्यायचे, आणि दुपारपर्यंत हिंडून-फिरून आला की एकदम बरा. आधी गादी बदलली, मग कुणीतरी स्लिप डिस्क म्हणालं म्हणून पट्टा, मग फिजिओ, शेवटी ऱ्हुमॅटॉलॉजिस्टनी (सांध्यांचे डॉक्टर) एमआरआय आणि एचएलए बी-२७ ही जीनची रक्ततपासणी करायला सांगितलं. पॉझिटिव्ह. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे स्वतःच्याच प्रतिकारशक्तीमुळे मणक्याला सूज येण्याचा आजार. निदान झाल्याचं आम्हाला हायसंच वाटलं खरं तर, पण रिपोर्ट नातेवाइकांपर्यंत पोचला आणि चुलतसासूबाई म्हणाल्या 'घराण्यात दोष निघाला'. नणंदेचं लग्न जमतंय, आता तिकडची मंडळी म्हणतायत तिचीपण ही टेस्ट करून घ्या.

माझं म्हणणं असं की याला दोष म्हणणंच चूक आहे. एचएलए जीन काय करतात तर पेशीच्या आत जे प्रोटीन आहे त्याचे तुकडे बाहेर मांडून दाखवतात, पहाऱ्यावरच्या टी पेशी येऊन बघतात घरचं आहे की परकं, आणि परकं दिसलं की ती पेशी मारतात. याचे माणसांत हजारो प्रकार आहेत, कारण एकच प्रकार सगळ्यांकडे असता तर एका साथीत सगळे गेले असते. बी-२७ वाल्यांमध्ये एचआयव्ही सावकाश वाढतो, हिपॅटायटिस सी बऱ्याच जणांचं शरीर आपलं आपण घालवतं. म्हणजे हा जीन लढणारा आहे, फक्त काही जणांत तो घरच्यांवरच उलटतो. आणि बी-२७ असलेल्या शंभरातल्या पाच-सहा जणांनाच हा आजार होतो, बाकीच्यांना आयुष्यभर पत्ताही नसतो.

एक गोष्ट माझ्या डोळ्यासमोर घडली ती सांगते. बायोलॉजिक इंजेक्शन सुरू करायच्या आधी डॉक्टरांनी छातीचा एक्सरे आणि टीबी गोल्ड ही रक्ततपासणी करायला लावली. एक्सरे स्वच्छ पण गोल्ड पॉझिटिव्ह, म्हणजे टीबीचे जंतू आत झोपलेले. म्हणून आधी टीबीच्या गोळ्या, मग इंजेक्शन. का, तर इंजेक्शन टीएनएफ नावाचं प्रोटीन बंद पाडतं. त्याच टीएनएफमुळे मणक्याला सूज येते आणि त्याच टीएनएफनी फुफ्फुसातला टीबी कोंडून धरलाय. डॉक्टरांनी हे कागदावर चित्र काढून सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की एकाच गोष्टीनी माणूस वाचतोही आणि आजारीही पडतो.

प्रतीक_औंध

अनुताई, दोष म्हणू नये हे शंभर टक्के मान्य, पण तुमचं कारण मला पटलं नाही. एचआयव्ही माणसात येऊन जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षं झाली आणि बी-२७ हजारो वर्षं जुना आहे, तो एचआयव्हीसाठी निवडला जाणं शक्यच नाही. एखादा जीन टिकला म्हणून तो उपयोगाचाच होता असं होत नाही, काही नुसते योगायोगानी टिकतात, काही शेजारच्या कामाच्या जीनला चिकटून पुढे येतात. शिवाय हा आजार बहुतेकांना विशी-तिशीत सुरू होतो, जुन्या काळी तोवर पोरंबाळं होऊन गेलेली असायची, मग निसर्ग त्याला गाळणार कधी?

या विषयात गोष्टी फार पटकन रचल्या जातात. २०२२ साली नेचर या विज्ञान नियतकालिकात एक पेपर आला, लंडन आणि डेन्मार्कच्या जुन्या सांगाड्यांमधून डीएनए काढला होता, ब्लॅक डेथच्या (चौदाव्या शतकातली युरोपातली प्लेगची साथ) आधीचे, त्यात मेलेले आणि नंतरचे. इरॅप-२ नावाच्या जीनचा एक प्रकार प्लेगातून वाचलेल्यांकडे जास्त आणि तोच आज आतड्याच्या क्रोन्स आजाराचा धोका वाढवतो, असं त्यात होतं. जगभर बातम्या झाल्या. मग दुसऱ्या शास्त्रज्ञांनी तोच डेटा परत तपासला आणि म्हणाले एवढा पुरावा निघत नाही. वाद मिटलेला नाही, पण लोकांच्या डोक्यात पहिली बातमीच बसलीये.

पक्कं उदाहरण हवं असेल तर टीवायके-२ हा जीन बघा. त्याचा एक प्रकार आई आणि बाप दोघांकडून आला तर टीबी होण्याचा धोका बराच वाढतो, आणि तोच प्रकार सोरायसिस, संधिवात यांच्यापासून वाचवतो. युरोपातल्या जुन्या डीएनएमध्ये दिसतं की गेल्या दोन हजार वर्षांत तो झपाट्यानी कमी झाला, म्हणजे टीबीनी ती माणसं नेली. तुमच्या टीबी गोल्डच्या गोष्टीला हे जास्त जवळचं आहे.

जुनी_पेठ

प्लेगचा विषय निघाला म्हणून. आमच्या घरात पणजीपासून सांगत आलेत, घरात उंदीर पडले की भांडीकुंडी उचलायची आणि गावाबाहेर झोपड्या टाकून राहायचं. ज्यांना जाता आलं ते वाचले, ज्यांना नाही ते गेले. सावित्रीबाई १० मार्च १८९७ ला प्लेगानी गेल्या, मुंढव्याच्या आजारी पोराला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं होतं त्यांनी. त्यांचे जीन कुठले होते हे शोधून काय समजणार आपल्याला? त्या पोराजवळ गेल्या, बाकीचे गेले नाहीत. मला राग याचा येतो की जीन म्हटलं की घर, पाणी, गर्दी हे सगळं बाजूला पडतं आणि महापालिका मोकळी.

आणि अनु तू सिंहगड रोडची, तुला तर माहितीच आहे. जानेवारी २०२५ ला तुमच्या भागात जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) आला, माणसांचे पाय लुळे पडले, कितीतरी जण व्हेंटिलेटरवर. एनआयव्हीला (पुण्याची विषाणू संस्था) नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जुलाबाचा जंतू सापडला. त्या जंतूच्या अंगावरची साखर आपल्या नसांवरच्या साखरेसारखी दिसते म्हणून प्रतिकारशक्ती जंतूला सोडून नसांवर जाते. तुझी घरच्यांवर उलटण्याची गोष्ट इथे तंतोतंत आहे, पण सुरुवात नळातून झाली. जंतू पोटात गेल्यावर कुणाला जीबीएस होतो कुणाला नुसते जुलाब, त्यात जीनचा वाटा असेलही, पण पाणी स्वच्छ असतं तर तो प्रश्न आलाच नसता.

सिंहगडरोडची_अनु

@प्रतीक, एचआयव्हीचं मान्य, माझं वाक्य घाईचं होतं. वेगवेगळे एचएलए टिकून राहण्यामागे साथी आहेत एवढंच म्हणायला हवं होतं, बी-२७ नेमका कशामुळे टिकला ते सांगायला नको होतं.

@जुनी_पेठ, आम्ही महिनाभर पाणी उकळून पीत होतो काकू, भाजी धुवायलासुद्धा उकळलेलं. पाण्याचं तुमचं सगळं खरं. पण माझ्या सासरी सगळे एकाच नळाचं पाणी पितात आणि दुखणं एकट्या नवऱ्याला. त्याला 'आपल्या घरात दोष' हे शब्द ऐकवले जातात तेव्हा मी महापालिकेचं नाव घेऊन काय करू?

सातपुड्याची_लेक

मी मूळची नंदुरबारची, आता वारज्यात. अनुताईंचं 'लढणारा जीन' ऐकून मला गलबलून आलं, चांगल्या अर्थानी नाही.

आमच्याकडे सिकलसेल आहे, रक्ताचा आनुवंशिक आजार. त्याचा जीन एका पालकाकडून आला तर मलेरियाच्या जीवघेण्या तापापासून वाचवतो, अ‍ॅलिसन नावाच्या शास्त्रज्ञानी आफ्रिकेत हे १९५४ ला दाखवलं. (प्रतीक म्हणेल हा हिमोग्लोबिनचा जीन आहे, इम्युनिटीचा नाही, बरोबर आहे, पण निवड तीच.) दोघांकडून आला की काय होतं ते मी माझ्या धाकट्या भावात पाहिलंय. थंडी पडली की हाडांत कळा, रात्रभर आई गरम पाण्याची पिशवी फिरवायची, पोरगं ओरडून ओरडून थकून झोपायचं. त्याला मी सांगू का की तुझ्या आजोबांना या जीननी मलेरियातून वाचवलं? वाचले आजोबा, किंमत दिली याने.

आमच्याकडे लग्नाआधी तपासणी व्हावी असं मी स्वतः लोकांना सांगत फिरलेय. दोघं वाहक असतील तर प्रत्येक मुलामागे चारात एक ही शक्यता असते, ते आधी कळलेलं बरं. म्हणून तुमच्या नणंदेला टेस्ट सांगितली यात मला लगेच वाईट दिसत नाही.

प्रतीक_औंध

ताई, भावाचं वाचून काय बोलावं कळेना. फक्त टेस्टबद्दल मी असहमत. सिकलसेलमध्ये दोन प्रती आल्या की आजार नक्की, म्हणून लग्नाआधीची तपासणी कामाची. बी-२७ मध्ये पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी बहुतेकांना काहीच होत नाही. घरात पेशंट असेल तर धोका थोडा जास्त, तरी बहुतेकांना नाहीच. तोच कागद नणंदेच्या हातात दिला तर नुसता शिक्का बसेल.

जुनी_पेठ

यावर प्रतीकशी सहमत. आणि जीन तोच राहून आजार किती बदलतो याचं एक सांगते, फिनलंड आणि त्याला लागून रशियाचा करेलिया भाग, दोन्हीकडे एचएलएचे धोक्याचे प्रकार जवळपास सारखेच, पण मुलांचा टाइप वन डायबेटिस (यातही प्रतिकारशक्ती घरच्यांवरच उलटते) फिनलंडला सहापट. सीमेच्या अलीकडे-पलीकडे राहणीमान वेगळं, जंतू वेगळे. पत्रिकेसारखा जीनचा कागद बघणाऱ्यांना हे सांगा.

सातपुड्याची_लेक

बरं. दोन्ही तपासण्या मी एकाच मापानी मोजल्या, ते चुकलं माझं. पण 'लढणारा जीन' असले शब्द दुखणाऱ्या माणसासमोर वापरू नका ही विनंती कायम आहे.

सिंहगडरोडची_अनु

ताई, नाही वापरणार. नवऱ्याला तुमचा प्रतिसाद वाचायला दिला, तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला 'मला कुणी लढवय्या म्हटलेलं नकोच आहे, सकाळी मोजे माझे मला घालता आले पाहिजेत'.

डॉक्टरांना काल फोन केला. ते म्हणाले नणंदेला त्रास नसताना बी-२७ करून हाती काही लागत नाही. कंबर सकाळी आखडायला लागली, तीन महिन्यांच्या वर राहिली, डोळा लाल होऊन दुखला, तर लगेच या. एवढं तिनी वहीत लिहून घेतलं. टेस्ट करणार नाहीये. रविवारी तिकडची मंडळी घरी येतायत, हे मी सांगणार होते पण नणंद म्हणाली 'वहिनी, मीच बोलते'. नवऱ्याच्या टीबीच्या गोळ्या अजून दीड महिना आहेत.