निवृत्त सुभेदारांना भारी घड्याळ द्यायचे, पण कोणते?

कोयनाकाठ

"माजी सैनिकाला घड्याळ भेट द्यायचे तर स्विस बनावटीचे डायव्हरच, म्हणजे पाण्याखाली वापरायचे घड्याळच, द्यावे, सैनिकी घड्याळांचा खरा वारसा तिथेच आहे, एचएमटी ही टंचाईच्या काळाची आठवण आहे," असे ‘बॅलन्सव्हील’ यांनी परवा लिहिले आणि त्यावर माना डोलावणारेही बरेच निघाले. मला ते पटले नाही, आणि आमच्या घरी नेमका हाच प्रश्न ऐरणीवर असल्यामुळे सविस्तर उत्तर देतो.

माझे मामा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. त्यांची पंच्याहत्तरी जवळ आली आहे आणि आम्ही भाचरांनी मिळून पाच लाखांपर्यंतची तयारी ठेवली आहे, तेव्हा पैशाचा प्रश्न नाही. प्रश्न हा आहे की वारसा कोणाचा? पानेराई इटलीच्या नौदलातील पाण्याखाली उतरणाऱ्या जवानांसाठी घडली, ट्यूडर फ्रेंच नौदलाने वापरले, आणि 1945 साली ब्रिटिश लष्कराला बारा कंपन्यांनी जी घड्याळे पुरवली त्यांत ओमेगा, लाँजीन, आयडब्ल्यूसी होत्या. हा इतिहास मोठा आहे, पण मामांच्या मनगटावर त्यातले काहीच नव्हते. तिथे चावीचे एचएमटी होते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट शरीराची आहे. मामांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे आणि उजव्या हाताचा अंगठा संधिवाताने आखडला आहे. परवा दुकानात त्यांच्यासमोर एक डायव्हर ठेवले, तर त्याची आट्यांची चावी आधी सोडवायची, मग ओढायची, मग पुन्हा दाबून फिरवत बसवायची, हे त्यांना शेवटपर्यंत जमले नाही. दुकानदाराने ते हसत हसत हातातून घेतले, तेव्हा मामांच्या चेहऱ्यावर जे दिसले ते मला पुन्हा पाहायचे नाही. पाण्याखाली तीनशे मीटर जाणारे घड्याळ अशा माणसाला देऊन आपण नक्की कोणाचा सन्मान करतो?

बॅलन्सव्हील

ते मत माझेच होते आणि मी त्यावर ठाम आहे. चावी जमत नाही ही अडचण मला मान्य आहे, परंतु ती एका मॉडेलची अडचण आहे, उंची घड्याळांची नव्हे. साध्या दाबाच्या चावीची, ठळक आकड्यांची, अडतीस-एकोणचाळीस मिलिमीटरची उत्तम स्विस घड्याळे भरपूर आहेत.

मला खरा आक्षेप आपल्या सुराला आहे. ज्या माणसाने उभी हयात सरकारी बूट, सरकारी कांबळे आणि सरकारी जेवणात काढली, त्याला म्हातारपणीही ‘साधे तेच आवडते’ असे आपण परस्पर ठरवून टाकतो. त्याला एकदा तरी उत्तम वस्तू मिळू दे. येगर-लकुल्त्रचे रिव्हर्सो पाहा. ते 1931 सालचे, आणि त्यामागची गरज हिंदुस्थानात पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांची. खेळताना काच फुटू नये म्हणून तबकडी उलटी फिरवता येते आणि मागची कोरी पोलादी बाजू वर येते. त्या बाजूवर रेजिमेंटचे चिन्ह आणि सेवेची वर्षे कोरून घ्या. आपल्या मातीशी याहून जवळचे नाते कोणत्या स्विस घड्याळाचे आहे?

कोयनाकाठ

आपल्या मातीशी नव्हे, त्या मातीवर पोलो खेळणाऱ्या साहेबांशी! मामांच्या आधीच्या पिढीतले शिपाई त्या मैदानाच्या कडेला घोडे धरून उभे असत. सुभेदाराच्या हातात साहेबाचे घड्याळ बांधणे म्हणजे सन्मान, ही समजूतच मला मान्य नाही.

बॅलन्सव्हील

मग एका शिपाईगड्याचीच गोष्ट सांगतो. दुसऱ्या महायुद्धात रोलेक्सचे संस्थापक हान्स विल्सडॉर्फ जर्मनांच्या कैदेतील ब्रिटिश सैनिकांना घड्याळे पाठवत, पैसे युद्ध संपल्यावर द्यावेत अशा बोलीवर. 1943 मध्ये श्टालाग लुफ्ट 3 या छावणीतून क्लाइव्ह नटिंग यांनी त्यांच्याकडून क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचची सोय असलेले घड्याळ, मागवला. नटिंग अधिकारी नव्हते, कॉर्पोरल होते आणि छावणीत चांभारकाम करत. काटेरी तारांच्या आत राहून त्या माणसाला उत्तम घड्याळ हवेसे वाटले, आणि ते त्याने स्वतः मागवले. उंची वस्तूची आवड हुद्दा पाहून येत नाही. मामांना काय हवे आहे, हे आपण अद्याप लिहिलेले नाही.

पलटणकर

मी पायदळातून हवालदार म्हणून बाहेर पडलो, गाव साताऱ्याकडचे, अपशिंगे मिलिटरीपासून फार लांब नाही. आमच्या भागात घरोघरी फौजी आहेत, तेव्हा दोन शब्द लिहिण्याचा अधिकार मला आहे असे समजतो.

घड्याळ आमच्यासाठी दागिना नव्हते. निघण्यापूर्वी सगळ्यांची घड्याळे एकमेकांशी मिळवली जात, सेकंदासकट, कारण एक तुकडी मिनिटभर आधी पोहोचली तर आपल्याच तोफेच्या माऱ्यात सापडायची. म्हणून चावी ओढल्यावर सेकंदकाटा थांबतो की नाही, हे मी आजही कोणतेही घड्याळ हातात घेतल्यावर आधी पाहतो. उंचावरच्या चौकीत थंडीने तेल आळते आणि घड्याळ मागे पडते, सेलचे तर बंदच पडायचे. आम्ही ते बाहीच्या आत, कातडीला लागून ठेवत असू. हे सगळे जाणणाऱ्या माणसाला घड्याळ देताना निदान त्याची वेळ बरोबर असावी.

आता माझी तक्रार. निवृत्त फौजी म्हटले की लोक हिरवे-तपकिरी ठिपके असलेला पट्टा, तलवारी आणि ‘सलाम’ कोरलेली काहीतरी वस्तू आणून देतात. माझ्याकडे अशा वस्तूंनी एक कपाट भरले आहे आणि त्यातली एकही मी वापरत नाही. मामांना पाच लाखांचे द्या किंवा पाच हजारांचे, पण एसटीत बसताना जे काढून खिशात ठेवावे लागेल आणि लग्नकार्यापुरतेच बाहेर येईल ते देऊ नका. बंद पडले तर सहा महिन्यांसाठी मुंबईला पाठवावे लागेल, असेही देऊ नका.

तबकडी

चर्चा उगाच स्वित्झर्लंडला गेली आहे. एचएमटीचे ‘जवान’ किंवा ‘पायलट’ ऑनलाइन मिळते, चालू स्थितीत, दोन-चार हजारांत. मी वडिलांसाठी केशरी तबकडीचे पायलट घेतले, त्यांना फार आवडले. उरलेले पैसे मामांच्या कानाच्या मशीनसाठी ठेवा.

घड्याळजी_दादर

ते पायलट आपण घेतले त्याच स्थितीत कारखान्यातून निघाले असेल, असे मला वाटत नाही. पायलटची ओळख काळ्या तबकडीची. हल्ली ऑनलाइन जी भडक केशरी, पोपटी पायलट मिळतात, ती बहुतेक मागाहून रंगवलेली असतात. भिंग लावून पाहा: अक्षरे जाड असतात, मिनिटांच्या रेषा कडेला वाकड्या जातात, रेडियमचे ठिपके एकसारखे नसतात, आणि केस, म्हणजे घड्याळाची बाहेरची पेटी, इतकी घासलेली असते की तिच्या कडाच उरत नाहीत. आत तीन-चार घड्याळांचे भाग एकत्र केलेले असतात. परदेशी संग्राहक अशा मालाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात आणि आम्हाला ते ऐकून घ्यावे लागते. फौजी माणसाला ‘जवान’ म्हणून असा माल देणे ही फसवणूक आहे.

तबकडी

फसवणूक हा शब्द आपण जपून वापरावा. माझे आजोबा गिरगावात तबकड्या रंगवण्याचे काम करत. मुंबईच्या पावसाळ्यात दमटपणा काचेतून आत शिरे, तबकडी काळवंडे, आणि नवी तबकडी मिळत नसे. तेव्हा गिऱ्हाईक स्वतः सांगून रंगवून घेई. ती दुरुस्ती होती. जपानी संग्राहकाला डाग पडलेली तबकडी मोलाची वाटते म्हणून आमच्या घरची कारागिरी खोटी ठरत नाही.

घड्याळजी_दादर

आजोबांच्या हाताला मी बोट लावलेले नाही. गिऱ्हाइकाच्या मागणीवरून, त्याच्या डोळ्यांदेखत रंगवलेली तबकडी ही दुरुस्तीच आहे, हे मला मान्य करावे लागेल. पण तेच घड्याळ ‘मूळ, न वापरलेले’ म्हणून विकले की ती फसवणूकच, आणि ऑनलाइन विकणारे नेमके तेच करतात. माझ्याकडे महिन्याला अशी कितीतरी घड्याळे रडत येतात, आणि बोलणी खातो तो दुरुस्ती करणारा.

पलटणकर

आपण दोघेही शांत व्हावे. एचएमटीचा घड्याळ कारखाना 1961 साली जपानच्या सिटिझनच्या साहाय्याने बंगळूरला उभा राहिला आणि 2016 मध्ये सरकारने तो व्यवसाय बंद करण्याचा निर्णय घेतला. मधल्या काळात ज्यांच्या हातावर ते होते, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या कपाटात ते आजही असेल. मामांचे स्वतःचे एचएमटी कुठे आहे, हे भाच्यांनी पाहिले का?

कोयनाकाठ

आहे. मामींच्या ट्रंकेत सापडले. काच पिवळी पडली आहे आणि बॅलन्स, म्हणजे वेळ राखणारे आतले चाक, हलत नाही.

घड्याळजी_दादर

तर मग ते आधी घेऊन या. बॅलन्स स्टाफ, म्हणजे त्या चाकाचा आस, तुटला असेल तर जुन्या मशीनमधून मिळतो. तबकडीला मी हात लावणार नाही, काच तेवढी बदलेन. मात्र रोज चावी देणे त्या अंगठ्याला झेपेल का, हे आधी विचारा. झेपणार नसेल तर ते घड्याळ रोजचे होऊ शकत नाही.

बॅलन्सव्हील

म्हणजे रोजच्यासाठी दुसरे लागणारच, हे आता आपण सर्वांनी मान्य केले आहे. हॅमिल्टनचे खाकी फील्ड सुचवणाऱ्यांना आधीच सांगतो की त्याचे चावीचे मॉडेल या अंगठ्याला चालणार नाही, आणि मनगट फारसे हलत नसेल तर त्या हालचालीवर चालणारे ऑटोमॅटिकही रात्रीतून थांबेल. क्वार्ट्‌झला म्हणजे सेलच्या घड्याळाला नाक मुरडणारा मीच असतो, तरीही इथे उत्तम प्रतीचे क्वार्ट्‌झ घ्यावे असे नाइलाजाने म्हणतो. लाँजीनकडे तशी घड्याळे आहेत.

कोयनाकाठ

इतके आपल्याकडून आले हे पुष्कळ झाले. आजच मामांना फोन करून सरळ विचारले. ते म्हणाले, "तबकडी पांढरी हवी, आकडे मोठे हवेत, तारीख नको, आणि मागे पलटणीचे नाव कोरायचे तर मला विचारून कोरा, मागे एकदा एका संस्थेने बटालियनचा नंबर चुकवला होता." लाँजीनच्या दुकानात त्यांना घेऊनच जाणार आहोत. पसंत पडले नाही तर पाचातले एकच लाख खर्च झाले तरी मला चालेल. आपल्याला चालणार नाही, हे मला ठाऊक आहे.

बॅलन्सव्हील

चालणार नाहीच. परंतु निवड त्यांची असेल तर माझा वाद संपला. दोन गोष्टी मात्र विसरू नका: हमीपत्रावर दुकानाचा शिक्का आणि तारीख तिथेच घालून घ्या, आणि उरलेल्या पैशांतून पुढच्या सर्व्हिसिंगची रक्कम बाजूला ठेवा, म्हणजे ते बिल मामांच्या पेन्शनमधून जाणार नाही.