आसार महालातला 'आसार' कोणता?

बेळगावहून: विजापूरच्या सहलीच्या पत्रकात एकाने 'असार महाल' लिहिलंय, दुसऱ्याने 'आसार'. असार म्हणजे निःसार. इमारतीला असं नाव कसं?

खानापूरहून: 'आसार'च लिहा. रोमन पाटीवर अ आणि आ एकाच अक्षराने दाखवतात, तिथून ही चूक शिरते. अरबी 'असर' म्हणजे मागे उरलेली खूण, 'आसार' हे त्याचं अनेकवचन. पैगंबरांच्या दाढीचे केस म्हणून जपलेले अवशेष इथे आहेत, त्यांवरून हे नाव. पण ते मागाहून पडलं. महंमद आदिलशहाने 1646 च्या सुमारास इमारत उभारली ती न्यायनिवाड्यासाठी. तेव्हा ती दाद महाल.

निपाणीहून: 'दाद मागणे'मधली दाद?

खानापूरहून: तीच. फारसीत दाद म्हणजे न्याय. दाद मागणे, दाद लागणे, दादफिर्याद, सगळीकडे तोच अर्थ. गाण्याला दाद देतो तेव्हा गुणाचं रास्त माप पदरात घालतो, आणि त्यातून पुढे नुसती वाहवा उरली. दुखणं औषधाला दाद देत नाही, तिथे तर न्याय पुरता पुसला गेलाय. तेव्हा पत्रकात 'कौतुकाचा महाल' असा उलगडा नको!

बेळगावहून: बरं, महल की महाल?

चिकोडीहून: मराठीत महाल, महालात, महालाचा. 'महलात' ही हिंदीची सावली. मूळ अरबी शब्दाचा अर्थ नुसता 'ठिकाण', म्हणून राजवाड्याखेरीज महसुली विभागालाही महालच म्हणत, आणि त्यावरचा अंमलदार महालकरी. गुजरातच्या पंचमहालात पाच राजवाडे शोधू नयेत. जुन्या कागदात जवळपास वसुली, जमाबंदी, गावांची यादी असेल तर तो महसुली महाल. दिवाणखाना, चौक, कारंजं दिसलं तर मात्र वास्तू.

निपाणीहून: विजापुरात तर दोन्ही अर्थ एका आवारात आले म्हणायचे. 1885 मध्ये जिल्ह्याचं ठाणं कलादगीहून तिथे हललं आणि बालेकिल्ल्यातल्या महालांत सरकारी कचेऱ्या थाटल्या.

खानापूरहून: हो. आणि पत्रकात आणखी एक सांभाळा: अदालत महाल ही वेगळी इमारत. दोन्ही नावांत न्याय, त्यामुळे एकीची माहिती दुसरीखाली छापली जाते. त्या अदालतीत पुढे कलेक्टरसाहेब राहायला गेले.