शांततेच्या आवाहनात भावनेला हात घालायचा, पण कसा?

अमळनेरकर
विसर्जन आणि ईद-ए-मिलाद लागोपाठ आहेत. शांतता समितीच्या बैठकीत एका लोकप्रतिनिधीला पाच मिनिटं बोलायचंय, मसुदा मी लिहितोय. "सर्वांनी गुण्यागोविंदाने राहावे, समाजकंटकांना थारा देऊ नये" सुरू झालं की लोक मोबाईल काढतात. मागच्या भांडणाची खुन्नस अजून गेलेली नाही. मनाला भिडेल पण नाटकी वाटणार नाही, असं कसं लिहावं? जखमी पोरांचे फोटो दाखवावेत का?

तापीकाठ
भाऊ, आधी "समाजकंटक" काढा. तो शब्द कानावर पडला की हा त्या गल्लीकडे बघतो, तो या गल्लीकडे. स्वतःला त्यात कुणीच धरत नाही.

"दरवर्षी आपल्याकडे गालबोट लागतं" हेही नको. अ‍ॅरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट उद्यानात "अनेक पर्यटक अश्मीभूत लाकूड उचलून नेतात" अशा पाटीने चोरी उलट वाढली होती. सगळेच करतात म्हटल्यावर लाज कसली? त्यापेक्षा किती मंडळांची मिरवणूक वेळेत संपली तो आकडा सांगा. आकडा पोलीस ठाण्यातून घ्या, मनाचा नको.

कुठलं वाक्य आधी, कुठलं नंतर, या क्रमासाठी अमेरिकन नेते रॉबर्ट केनेडींचं 4 एप्रिल 1968 चं इंडियानापोलिसमधलं भाषण बघा. कृष्णवर्णीयांचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनाची बातमी त्यांनी बहुतांशी कृष्णवर्णीय जमावाला सांगितली. आधी हातातले फलक खाली करायला लावले, मग बातमी आडपडदा न ठेवता सांगितली. पुढे, तुमच्या मनात द्वेष आणि सूड येणं शक्य आहे, हे स्वतःच बोलून दाखवलं. माझ्याही घरातला माणूस (भाऊ जॉन केनेडी) मारला गेला आणि मारणारा गोराच होता, हे त्यानंतर. शेवटी मागणं काय? घरी जा, किंग यांच्या कुटुंबासाठी आणि देशासाठी प्रार्थना करा. पुढच्या काही दिवसांत शंभराहून जास्त शहरांत दंगली झाल्या, ते शहर बरंचसं शांत राहिलं. श्रेय एकट्या भाषणाचं नाही, पण क्रम शिकण्यासारखा आहे. आपल्याकडे उलटं चालतं: पहिल्याच वाक्याला "राग सोडा". ज्याचं दुकान फुटलंय तो तिथेच कान बंद करतो.

पांझरा
वरच्यात भर. बोलणाऱ्याने स्वतः काय पणाला लावलंय, हे लोक आधी बघतात. साने गुरुजींनी पंढरपूरचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून मे 1947 मध्ये उपोषण केलं, पण त्याआधी महाराष्ट्रभर दौरा करून लोकांशी बोलले. तुमच्या साहेबांना उपास करायला कोण सांगतंय? "मिरवणूक मशिदीसमोरून जाईल तेव्हा मी पायी सोबत असेन" एवढं म्हणाले आणि खरंच आले तरी पुष्कळ.

दुसरं, मागणं मोजता येईल असं हवं. जानेवारी 1948 मध्ये गांधीजींनी दिल्लीत उपोषण सोडलं ते ठरावीक अटींवर: मेहरौलीचा उरूस भरावा, ताब्यात घेतलेल्या मशिदी परत मिळाव्यात, आर्थिक बहिष्कार थांबावा. नुसतं "सलोखा ठेवा" नव्हतं. तुमच्याकडे: अजानच्या वेळी ढोल-डीजे बंद, मार्ग ठरलेलाच, दोन्हीकडचे पाच-पाच जण चौकात उभे, आलेला व्हिडिओ ठाण्यात विचारल्याशिवाय पुढे पाठवायचा नाही.

आणि साहेबांना अहिराणी येत असेल तर सुरुवात अहिराणीत करू द्या. छापील मराठी वाचून दाखवली की परिपत्रक वाटतं.

केळीबाग
हे सगळं ठीक, पण हीच हत्यारं खोट्या हातातही चालतात. हिटलरने 17 मे 1933 ला राइशस्टागमध्ये (जर्मन संसदेत) शांततेचं भाषण केलं, युद्धाने कुणाचंच भलं होत नाही म्हणून. नोव्हेंबर 1938 मध्ये बंद दाराआड वृत्तपत्रवाल्यांना स्वतःच सांगितलं, की परिस्थितीमुळे वर्षानुवर्षं फक्त शांततेचं बोलावं लागलं.

म्हणून मसुदा तयार झाला की एक तपासणी करा. स्वतःच्या मतदारांना न आवडणारं एक तरी वाक्य त्यात आहे का? सगळा उपदेश समोरच्यांनाच असेल, तर ते आवाहन नाही, टाळ्यांचं भाषण आहे. आणि मागच्या वेळच्या नुकसानभरपाईचं काय झालं ते बोलायचं नसेल तर "झालं गेलं विसरा"ही म्हणू नका. ज्याचं गेलं त्याला ते तोंड दाबण्यासारखं वाटतं.

अमळनेरकर
समाजकंटक उडवले. 😄 फोटोंचं राहिलं.

तापीकाठ
नको. जखमी पोरगं कुठल्या समाजाचं, हे लोक नावावरून, कपड्यावरून लगेच ओळखतात. अर्ध्या सभेला दुःख होतं, अर्ध्या सभेला हिशेब आठवतो. शिवाय भीती दाखवून "आता काय करायचं" हे त्याच दमात सांगितलं नाही, तर माणूस घाबरून एक तर विषय टाळतो, नाहीतर घरात काठ्या जमवतो. दाखवायचंच असेल तर दोघांचंही नुकसान एकाच गोष्टीत दिसेल असं सांगा: संचारबंदीत बाजार समिती बंद पडली की केळी कुणाचीही असो, सडतेच. हातमजूर कुठल्याही मोहल्ल्यातला असो, त्या दिवसाची मजुरी बुडते. पोरांना मंचावरही आणू नका, त्यांचा व्हिडिओ कापून कोण कुठे फिरवेल सांगता येत नाही.