ठिबकच्या साईटचा मेनू बदलतोय, लोकांकडून खरं मत कसं काढायचं?

ठिबकवाला, अमळनेर

नमस्कार मंडळी. माझं ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. गेली ६ वर्षं दुकान बंद केल्यावर रात्री एक मराठी साईट चालवतो: फिल्टर कसा धुवायचा, व्हेंचुरी (पाण्यात खत ओढून घेणारा जोड) खत का ओढत नाही, नळ्या साफ करायला ॲसिड कसं सोडायचं, असलं सगळं. दीडशेच्या आसपास पानं झालीत. मेनू तेव्हा एका कंपनीच्या साईटवरून उचलला होता, खोटं कशाला बोलू: मुख्यपान, उत्पादने, तांत्रिक माहिती, डाउनलोड, संपर्क. आता सगळं 'तांत्रिक माहिती'त कोंबलंय आणि बाकीचे कप्पे रिकामे.

नवी मांडणी दोन प्रकारे करून पाहिली. एक सामानाप्रमाणे: फिल्टर, मेन-सबमेन पाइप, लॅटरल (पिकाच्या ओळीतल्या बारीक नळ्या), ड्रीपर. दुसरी तक्रारीप्रमाणे: 'शेवटच्या झाडाला पाणी पोचत नाही', 'ड्रीपर चोंदलेत', 'गेज चढत नाही' (म्हणजे पाण्याचा दाब). दोन्हींचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले, सोबत गूगल फॉर्म. २३ उत्तरं आली. १९ जणांनी लिहिलं 'छान'. दोघांनी नुसते हात जोडले, एकाने हिरवा रंग द्या म्हटलं, आणि एकाने पीव्हीसी पाइपाचा भाव विचारला.

काल काका दुकानात बसले होते. फोन हातात दिला, म्हटलं मेनू उघडा. वरच्या त्या तीन आडव्या रेघांवर बोट ठेवून विचारतात, "ह्या नळ्या कसाले काढ्यात रे?" ठिबकची साईट, त्यांना वाटलं लॅटरल पसरल्यात! पाच मिनिटं खाली-वर केलं आणि फोन परत. "बठ्ठं शे रे, पन कोठे शे ते सापडत नही." (सगळं आहे, पण कुठे आहे ते सापडत नाही.)

२३ फॉर्मांपेक्षा हे एक वाक्य जास्त कामाचं निघालं. अशी वाक्यं आणखी कशी मिळवू? कोणाला पैसे देऊन नेमायची ऐपत नाही. आणि मे संपता संपता पूर्वहंगामी कपाशीची गर्दी सुरू होते, त्याआधी उरकायचंय.

मूळची धुळ्याची

भाऊ, साईट लोकांना वापरायला देऊन तपासायची, मी पुण्यात हेच काम करते. फोटो दाखवून 'कसं वाटलं' विचारलं की आपल्याकडे 'छान'च ऐकायला मिळतं. पाहुणा जेवायला बसल्यावर वांग्याच्या भरताला नाव ठेवतो का? मत मागूच नका, काम सांगा. 'रात्री लाइट आली, मोटर चालू केली, शेवटच्या सरीला पाणी नाही. काय करायचं ते साईटवर शोधा.' आणि मग गप्प बसा. दुकानदाराला हेच जमत नाही, हात आपोआप पुढे जातो. हात मागे बांधा. पहिलं बोट कुठे पडलं आणि माणूस कुठे अडला, एवढंच वहीत लिहा.

माणसं फार लागत नाहीत. पाच जणांवर चाचणी घेतली की साधारण ८५ टक्के अडचणी समोर येतात, असा हिशोब जेकब नील्सन यांनी २००० साली मांडला होता. त्यात मेख आहे: एकटा माणूस ३१ टक्के अडचणी दाखवतो असं धरलेलं आहे, आणि ते पाच जण एकाच प्रकारचे हवेत. शेतकरी वेगळे, फिटर वेगळे. दोघांची खिचडी करू नका.

त्याच्याही आधी एक करा. ३०-४० पानांची नावं चिठ्ठ्यांवर लिहा, जुन्या बिलांची कोरी बाजू चालेल. समोरच्याला म्हणा, तुमच्या मनाने ढीग लावा आणि प्रत्येक ढिगाला नाव द्या. आम्ही याला कार्ड सॉर्टिंग म्हणतो. ढिगांची ती नावं जशीच्या तशी उतरवून घ्या, शुद्धलेखन सुधारू नका.

फिटर, चोपडा

साईट मी रोज उघडतो म्हणून हक्काने सांगतो. तक्रारीप्रमाणे मेनू केला तर आमची पंचाईत. मला ठाऊक असतं की डिस्क फिल्टरचं पान हवंय, मी 'पाणी पोचत नाही'मध्ये का शिरू?

दुसरं, ती राखाडी अक्षरं. दुपारी बांधावर उभं राहून वाचून बघा एकदा, स्क्रीनवर फक्त स्वतःचं तोंड दिसतं.

आणि हे महत्त्वाचं. ॲसिडच्या पानावर 'पाण्यात ॲसिड ओता, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही' ही ओळ नव्या फोटोत 'अधिक वाचा'च्या आत गेलीय. पान आटोपशीर दिसतं, मान्य. पण घाईतला माणूस 'अधिक वाचा' दाबत नाही. ती ओळ उघडी पाहिजे, सगळ्यात वर. याच्यावर मत घेत बसू नका.

भुसावळकर

तुमच्या साईटच्या शोधपट्टीत 'शेतकऱ्यांचे प्रश्न' टाकलं, काही सापडलं नाही. पान तर आहे! कारण आपला अर्धा र. काही कीबोर्ड तो खाली टिंब असलेल्या ऱ-ला हलन्त जोडून बनवतात, काही साध्या र्-पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह घालतात. डोळ्यांना दोन्ही सारखे, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. पानं साठवताना आणि शोधताना, दोन्हीकडे एकच रूप करून घ्या. ठिबक-ड्रिप-ड्रीप आणि लॅटरल-नळी यांच्याही जोड्या लावा. लोक काय शोधतात आणि रिकाम्या हाताने परत जातात, त्याची नोंद ठेवलीत तर तोच फुकटचा अभिप्राय आहे.

पानांचे पत्ते बदललेत तर जुन्यांवरून नव्यांवर ३०१ लावा, म्हणजे जुनी लिंक दाबली की आपोआप नवं पान उघडतं. ग्रुपवर फिरणाऱ्या जुन्या लिंका मेल्या तर लोक परत येत नाहीत.

ठिबकवाला, अमळनेर

सगळ्यांचे आभार. रविवारी दुकानात चिठ्ठ्या मांडल्या. कुलर आधी बंद करावा लागला, सगळ्या उडत होत्या. पाच शेतकरी बसवले, दोन फिटर वेगळे.

फिटरांनी सामानाप्रमाणे ढीग लावले, अपेक्षेप्रमाणे. शेतकऱ्यांनी मात्र माझे दोन्ही मेनू मोडीत काढले. पाचांपैकी चौघांनी ढीग लावले ते वेळेप्रमाणे! एकाने दिलेली नावं अशी: 'टाकताना', 'पाणी चालू असताना', 'नळ्या गुंडाळताना'. गुंडाळताना म्हणजे कपाशी निघाल्यावर. त्या ढिगात नळी धुणं, टोकाचे एंड कॅप आणि उंदरांपासून बचाव, तिन्ही एकत्र. माझ्या साईटवर ही तीन पानं तीन कोपऱ्यांत आहेत. 'डाउनलोड'ची चिठ्ठी एकाने बाजूला ठेवली, म्हणाला हे मोबाइलचं काहीतरी दिसतंय.

म्हणून वर आता हेच तीन ढीग, त्याच शब्दांत. फिटरभाऊंसाठी प्रत्येक पानाच्या तळाला सामानाची यादी. ॲसिडची ओळ वर आणली, लाल आणि ठळक. अक्षरं काळी केली. तीन रेघा काढून तिथे 'यादी' असा शब्द लिहिला. काकांनी पहिल्या झटक्यात दाबला, आणि मग विचारलं, उधारीची का?

'यादी'ऐवजी काय लिहू, सुचवा. अर्ध्या र-ची भानगड आज रात्री बघतो, लाइट राहिली तर.