हॉलला रंग सुचत नाही, सुरुवात कुठून करावी?

प्रश्न: हॉल १० बाय १५, खिडकी पश्चिमेला, सोफा तपकिरी. ढीगभर फोटो सेव्ह केलेत, पण आपल्या घरात काय शोभेल ते कळत नाही. कल्पकता अंगातच नसेल तर काय करावं?

उत्तर १: फोटो राहू द्या, कपाट उघडा. आवडती इरकल साडी दिवसाउजेडी खिडकीपाशी पसरा. विणकराने रंगांचं प्रमाण आधीच जुळवलेलं असतं, तेच उचलायचं. साडीच्या अंगाच्या (काठ-पदर सोडून उरलेल्या भागाच्या) रंगाची फिकी छटा भिंतींना, म्हणजे साधारण ६० टक्के. सोफा आणि पडदे मिळून ३०. काठाचा रंग फक्त अभ्रे, एखादी फ्रेम, एवढ्यातच. तोच काठ भिंतीवर चढवला की खोली अंगावर येते.

उत्तर २: शेडकार्ड बघून थेट डबा आणू नका, चारही भिंतींवर तोच रंग जास्त गडद वाटतो. २ बाय २ फुटांच्या पुठ्ठ्यावर दोन हात मारा आणि सकाळी, चार वाजता, रात्री दिव्यात बघा. पश्चिमेच्या उन्हात क्रीम चक्क केशरी दिसतं.

उत्तर ३: त्याआधी बल्ब तपासा. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या उजेडात तपकिरी सोफा मळकट दिसतो, ३००० चे, पिवळसर उजेडाचे लावा.